ठिपके गेले म्हणजे रोग गेला का? खाऱ्या टाकीबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की खाऱ्या पाण्यातला नवीन मासा आणला की थेट मोठ्या टाकीत सोडू नका, आधी महिनाभर तरी वेगळ्या क्वारंटाईन टाकीत ठेवा. त्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत भरपूर पत्रं आणि मेसेज आले. बरं वाटलं ते याचं की बऱ्याच जणांनी खरंच वेगळी टाकी लावलीय, कोणी पडवीत, कोणी माडीवर, आणि आता सगळ्यांची गाडी एकाच जागी अडलीय, मासा वेगळा ठेवला, अंगावर काहीतरी दिसतंय, आता टाकायचं काय, किती आणि किती दिवस. सारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत.

रत्नागिरीहून एक वाचक: ताई, ब्लू टँग आणला, चौथ्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके आले. दुकानात सांगितलं म्हणून निळं औषध टाकलं, दोन-तीन दिवसांत ठिपके साफ गेले. आठवड्याने परत आले ते दुप्पट. औषध डुप्लिकेट होतं का?

औषध कसं का असेना, ठिपके त्याच्यामुळे गेलेच नव्हते, ते आपल्या वेळेने गेले. हा मरीन इच, आपण व्हाईट स्पॉट म्हणतो तो, आणि तो करणारा एकपेशीय जीव म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. हा कातडीवर बसत नाही, कातडीच्या आत शिरून तीन ते सात दिवस खात राहतो, आणि फुगला की तो आपल्याला ठिपका म्हणून दिसतो. पोट भरलं की स्वतःच मासा सोडून खाली उतरतो, तळाला नाहीतर काचेला चिकटतो आणि भोवती टणक कवच करतो. त्या कवचात एकाचे दोनशे-तीनशे होतात आणि मग कधी तीन दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी कवच फुटून सगळी पिल्लं पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात, पण क्वारंटाईनच्या एवढ्याशा टाकीत त्यांना मासा न मिळून जाणार कुठे. तुम्ही "साफ गेले" म्हणताय ते दिवस नेमके कवचातले.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की कातडीच्या आत असताना औषध त्याला शिवत नाही आणि कवचातही शिवत नाही, फक्त मोकळा पोहत असताना मरतो. म्हणून औषधाचे दिवस ठिपके बघून ठरवायचेच नाहीत, त्या जिवाचं चक्र बघून ठरवायचे. तुम्हाला दिलेलं निळं औषध बहुतेक मिथिलीन ब्लू असणार, त्याने इच बरा होत नाही, उलट स्पंज फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया चढतो. हीटर वाढवायचा उपाय गोड्या पाण्यातल्या इचचा आहे, तो जीवच वेगळा. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचं पाणी तसंही ३० डिग्रीला टेकतं आणि त्या पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, आजारी माशाला अजून गरम पाण्यात कशाला घालायचं.

आता करायचं काय, तर कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध. साधं आयनिक कॉपर असेल तर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम आणि चिलेटेड (दुसऱ्या रसायनात बांधलेलं) कॉपर असेल तर बाटलीवर दिलेलं प्रमाण, जे साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. हे दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहून टाकीवर चिकटवा, कारण त्यांच्यात दहापट फरक आहे आणि एकाचा डोस दुसऱ्याला लावला तर मासा तरी मरतो नाहीतर पॅरासाईट (परजीवी) तरी मजेत राहतो. एकदम पूर्ण डोस नको, तीन-चार दिवसांत हळूहळू चढवा, मासा खायचा बंद झाला तर तिथेच थांबा, खायला लागला की पुढे. पूर्ण पातळी गाठली की तिथून ३० दिवस मोजायचे. मध्ये एक दिवस जरी पातळी खाली आली तर मोजणी परत पहिल्यापासून, यात सूट नाही. पाणी बदललं की नव्या पाण्यात तेवढं कॉपर आधीच मिसळून घ्या. टाकीत वाळू नको, दगड नको, फिल्टरमधला कार्बन नको, लपायला पीव्हीसी पाईपचे तुकडे पुरतात. आणि अमोनिया मारणारी लिक्विडं कॉपरच्या टाकीत अजिबात टाकायची नाहीत, त्यातल्या बऱ्याच औषधांमुळे कॉपर जास्त विषारी होतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला.

गुहागरहून एक वाचक: कॉपर म्हणजे शेवटी मोरचूदच ना? आमच्याकडे सुपारीवर मारायला आणलेलं आहे घरात, तेच चिमूटभर टाकलं तर? ऑनलाईन औषध महाग पडतं.

रसायन तेच आहे, कॉपर सल्फेट, पण चिमूट हे माप इथे चालणार नाही. पावसाच्या तोंडावर सुपारीच्या कोळेरोगासाठी आपण एक टक्का बोर्डो करतो, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. माशाच्या १०० लिटर टाकीला मोरचूद किती लागतं ठाऊक आहे? साधारण ६० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते दिसणारसुद्धा नाही, आणि तुमच्या एका चिमटीत त्याच्या कितीतरी पट येईल.

दुसरं म्हणजे फवारणीच्या मोरचुदात बाकी काय काय आहे ते आपल्याला कळत नाही, पानाला चालतं ते कल्ल्याला चालेलच असं नाही. स्वस्तातच करायचं असेल तर लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट घ्या, १ ग्रॅम नीट वजन करून २५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. या द्रावणाच्या १ मिलीत जवळपास १ मिलिग्रॅम कॉपर येतं. म्हणजे १०० लिटरला ०.१५ ची पातळी हवी तर १५ मिली, तेही तीन-चार दिवसांत विभागून. बाटलीवर विष असं लिहून मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. आणि कॉपरची टेस्ट किट नसेल तर हा खटाटोप करूच नका, साधं कॉपर पाण्यातनं आपोआप कमी होत राहतं, रोज मोजावं लागतं. पैसे वाचवायचेच असतील तर औषधात वाचवा, टेस्टमध्ये नको.

एक राहिलं. कॉपरच्या टाकीतली जाळी, पाईप, बादली परत कधीही कोरलच्या (प्रवाळाच्या) टाकीत जाऊ द्यायची नाही. कोळंबी, गोगलगाय, कोरल सगळ्यांना कॉपर म्हणजे विष. लायनफिश, पफर, मँडरिन या माशांनाही ते झेपत नाही, त्यांच्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

मालवणहून, अकरावीतला एक मुलगा: ताई, माझ्याकडे टेस्ट किटएवढे पैसे नाहीत. एकच क्लाऊन मासा आहे आणि त्याला ठिपके आलेत. काहीच करता येणार नाही का?

अरे, येईल की. दोन प्लॅस्टिकचे टब, दोन एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) आणि भरपूर खारं पाणी एवढंच लागतं. मासा एका टबात तीन दिवस ठेवायचा. तीन दिवस पूर्ण व्हायच्या आत, तीन म्हणजे ७२ तास, त्याला दुसऱ्या टबात हलवायचं, तिथलं पाणी नवीन, तापमान आणि खारटपणा आधीच्या पाण्याएवढाच. पहिला टब गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. परत तीन दिवसांनी याच्यात. असं चार वेळा हलवलं की साधारण १२-१३ दिवसांत काम होतं. कारण वर सांगितलंय तेच, माशावरून उतरलेला जीव कवचात जातो आणि त्याला फुटायला तीन दिवस तरी लागतात, कवच फुटायच्या आत मासा दुसरीकडे गेलेला असतो आणि कवचातला जीव वाळून मेलेला असतो. हलवताना जुनं पाणी सोबत येऊ द्यायचं नाही. जुलैत ऊन नसेल तर टब फडक्याने कोरडा करून पंख्याखाली ठेव, ओलसर टब वापरायचा नाही. पावसात लाईट गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवा, टबात पाणी कमी असतं त्यामुळे हवा बंद झाली की मासा लगेच गुदमरतो.

मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात आवडते, औषधाचा एक थेंब नाही. पण ही फक्त इचची. पुढच्या प्रश्नात आहे त्या रोगाला हिचा भरवसा धरू नकोस.

श्रीवर्धनहून एक वाचक: डॅमसेल मासे चार आणले होते. ठिपके वगैरे काही नव्हते, फक्त एक जण पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी दोन गेले, तिसऱ्या दिवशी उरलेले. पाणी सगळं बरोबर होतं. काय झालं असेल?

वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही सांगताय त्यावरून मला वेल्वेट या रोगाचा संशय आहे, तो करणारा जीव अमायलूडिनियम. हा आधी कल्ल्यांवर बसतो, अंगावर दिसायला लागेपर्यंत वेळ गेलेली असते. धारेसमोर उभं राहणं म्हणजे माशाला श्वास पुरत नाहीये. उजेडापासून लांब कोपऱ्यात राहणं, एकदम खाणं सोडणं, कल्ले भराभर हलवणं, यातलं काही दिसलं की रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च माशाच्या बाजूने, तिरपा धरा. समोरून धरलात तर काही कळणार नाही. तिरप्या उजेडात कातडीवर अगदी बारीक, मातकट-सोनेरी पूड बसल्यासारखी चमकते. इचचे ठिपके बोटाने मोजता येतात, हे मोजता येत नाहीत, एवढा फरक लक्षात ठेवा.

इथे उद्या बघू म्हणायचं नाही. आधी गोड्या पाण्यात पाच मिनिटांची बुडी (कशी द्यायची ते पुढच्या उत्तरात आहे), त्याने कल्ल्यांना तात्पुरता आराम मिळतो, आणि लगेच कॉपर, यावेळी डोस चढवायला चार दिवस नाही, दिवस-दीड दिवस. पाण्याचा खारटपणा कमी करून इच बरा करतात, घनता १.००९ वर आणून चार आठवडे तिथे धरून ठेवायची, ती पद्धत वेल्वेटला लागू पडत नाही, हा जीव खाडीच्या मचूळ पाण्यातही आरामात जगतो. म्हणून कुठला रोग ते आधी ठरवा, औषध मग.

देवगडहून एक वाचक: ओहोटीला खडकातल्या डबक्यांमधून पट्ट्यापट्ट्यांचे छोटे मासे मिळतात, ते पाळतोय. जोरात खातात, पण मधूनच अंग पाईपला घासतात आणि एकाचा डोळा पांढुरका झालाय. कॉपर चालू केलंय, फरक नाही.

कॉपर बंद करा, हे काम त्याचं नाही. फ्लूक्स असणार, चपटे किडे, मोनोजीनियन म्हणतात त्यांना. समुद्रातून थेट आणलेल्या माशावर हे असतातच असं धरून चालायचं. निओबेनेडेनिया नावाचा त्यांच्यातला एक तर पिंजऱ्यात वाढवलेल्या जिताड्यालाही हैराण करतो, त्यामुळे मत्स्यशेतीवाले याला चांगले ओळखतात. हे पारदर्शक असतात म्हणून माशावर बसलेले दिसत नाहीत. दिसतात ते गोड्या पाण्यात.

बुडी कशी द्यायची ते नीट सांगते, कारण हेच औषध आणि हीच तपासणी. पांढऱ्या तळाची बादली घ्या, त्यात क्लोरीन नसलेलं गोडं पाणी. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक ठिकाणी आम्लट असतं, म्हणून चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा घालत पीएच टाकीएवढा, ८ च्या वर आणा. तापमानही तेवढंच हवं, टाकी २८ वर आणि बादली २५ वर असं नको. अर्धा तास जोरात हवा सोडा. मग मासा आत. पहिलं मिनिट तो वेडावाकडा पळेल, नाहीतर आडवा पडून राहील, घाबरू नका पण नजर हलवू नका. दोन-तीन मिनिटांत किडे पांढरे पडायला लागतात, माशाच्या कडेने, डोळ्याजवळून काहीतरी सुटताना दिसतं, आणि तळाला तिळाएवढे पांढरे चपटे ठिपके जमतात. पाच मिनिटं झाली की बाहेर काढा. मासा कल्ले हलवायचा थांबला, हात लावला तरी हलत नसेल, तर पाच मिनिटांची वाट बघायची नाही.

बुडीने सगळे पडत नाहीत, कल्ल्यातले राहतात. म्हणून पुढे प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ६०० मिलिग्रॅमची एक गोळी २४० लिटरला पुरते, म्हणजे टाकी ६० लिटरची असेल तर पाव गोळी. कुत्र्यांच्या जंताच्या गोळीत बरेचदा अजून एक-दोन औषधं मिसळलेली असतात, ती नको, नुसतं प्राझिक्वांटेल असलेलीच घ्या आणि त्यासाठी पशुवैद्यांना विचारा. पावडर पाण्यात पटकन विरघळत नाही, आधी थोड्या पाण्यात बाटलीत घालून खूप वेळ हलवा. हवा वाढवा, कारण औषधानंतर पाणी कधीकधी दुधाळ होतं आणि ऑक्सिजन उतरतो. आणि पाच-सहा दिवसांनी दुसरा डोस द्यायचाच, मासा ठणठणीत दिसला तरी, कारण या औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. त्या अंड्यांना लांब धागे असतात, ती जाळीत, स्पंजमध्ये अडकून राहतात आणि पुढच्या टाकीत जातात, म्हणून जाळी वेगळी आणि वापरली की उन्हात.

पनवेलहून एक वाचक: क्लाऊनच्या डोक्यापासून कातडी सुटल्यासारखी झालीय, अंगावर चिकट पांढरा थर आहे.

ब्रूक्लिनेला, हाही एक एकपेशीय जीव. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनमध्ये जास्त दिसतो, कॉपरला दाद देत नाही आणि एक-दोन दिवसांत मासा जातो. फॉर्मेलिनची बुडी, १० लिटर खाऱ्या पाण्याला दीड मिली ३७ टक्क्यांचं फॉर्मेलिन, अर्धा ते पाऊण तास, भरपूर हवा सोडून, आणि नंतर मासा त्याच टाकीत नाही, दुसऱ्या स्वच्छ टाकीत. एक दिवसाआड परत, दोन-तीन वेळा. बाटलीच्या तळाशी पांढरा साका असेल तर ती बाटली वापरायची नाही, त्याने मासा मरतो. हातमोजे घाला आणि हे मोकळ्या पडवीत करा, बंद खोलीत नको, फॉर्मेलिनचा वास माणसालाही चांगला नाही, कॅन्सरशी त्याचा संबंध आहे. आणि पुढच्या वेळी हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, जन्मलेला क्लाऊन मागा. आता आपल्याकडे ते मिळतात, ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानची हॅचरी आहे. हॅचरीच्या माशाला हे रोग लागतच नाहीत असं नाही, पण घरी येताना सोबत घेऊन यायची शक्यता खूप कमी.

सावंतवाडीहून एक वाचक: लसूण खाऊ घालून किंवा क्लीनर श्रिम्प (माशांचं अंग साफ करणारी कोळंबी) सोडून इच जातो असं ऐकलंय.

नाही जात. लसणाच्या वासाने मासा खातो, तेवढा उपयोग. क्लीनर श्रिम्प कातडीच्या आतलं खाऊ शकत नाही, आणि तुम्ही नंतर कॉपर टाकलंत तर बिचारा तोच पहिला मरतो.

वेंगुर्ल्याहून एक वाचक: आमच्या दोन शंका आहेत. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं पाणी आणून वापरतो, ते चालतं का? आणि किनाऱ्यावर वाहून आलेले कोरलचे तुकडे क्वारंटाईनमध्ये लपायला ठेवले तर?

कोरलचं आधी, कारण उत्तर छोटं आहे. नको. तो चुना आहे, कॉपर ओढून घेतो, तुम्ही डोस टाकत राहाल आणि पातळी लागणारच नाही. आणि दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, मेलेला तुकडासुद्धा घरी ठेवायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे ते उगाच नाही, तिथले कोरल आधीच थोडे आहेत. आपण समुद्रावर प्रेम म्हणून ही टाकी लावतो, तर तिथलं तिथे राहू दे ही माझी कळकळीची विनंती.

पाण्याचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर किनाऱ्याचं पाणी टाळाच. नद्यांना पूर आला की खाडीच्या तोंडापासून लांबवर पाणी गढूळ आणि गोडसर होतं, लिटरला ३५ ग्रॅम मिठाचा खारटपणा २० वर आलेला कळतसुद्धा नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या बाहेर जात नाहीत, त्यामुळे आतलं स्वच्छ पाणीही कोणी आणून देणं कठीण. मे मध्येच भरतीच्या वेळी, जेटीपासून आणि डिझेलच्या तवंगापासून लांब, पाणी भरून ठेवा. त्यातही पॅरासाईट असतात, म्हणून १०० लिटरला ५ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराईट २० मिली टाकून एक दिवस हवा सोडा, मग साधारण ७ ग्रॅम सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन टेस्ट शून्य येते का बघा, आणि झाकून अंधारात ठेवा. शून्य आल्याशिवाय मासा नाही.

चिपळूणहून एक वाचक: इच कोरलच्या मोठ्या टाकीतच शिरला होता. सगळे मासे काढून क्वारंटाईनला घेतले, कॉपरचे ३० दिवस पूर्ण झाले. आता परत सोडू?

मासे तयार आहेत, टाकी तयार नाहीये. तिथे वाळूत, दगडात कवचं अजून असतील. सगळीकडे ७६ दिवस टाकी बिनमाशाची ठेवा म्हणतात, कारण कवच ७२ दिवसांपर्यंत थांबून फुटल्याची नोंद आहे. गरम पाण्यात चक्र लवकर संपतं म्हणून काही जण २७-२८ डिग्रीत दीड महिन्यावर थांबतात, पण मी अडीच महिनेच सांगेन, तुमच्या टाकीत कोरल आहेत, परत रोग आला तर तिथे औषध टाकता येणार नाही. तोपर्यंत कोरल, कोळंबी, गोगलगायी तिथेच राहू देत, इच त्यांच्यावर जगत नाही. एकही मासा मात्र नको, दगडाआड लपलेला बारका गोबीसुद्धा. इकडे क्वारंटाईनमध्ये आता कार्बन टाकून कॉपर काढा, दोन आठवडे बिनऔषधाचे ठेवा, रात्री टॉर्च तिरपा धरून बघत राहा, आणि एका टाकीत घातलेला ओला हात कोरडा केल्याशिवाय दुसरीत घालू नका.